फोडणीपुरती बाग: बरणीत काय लावावं, डब्यात काय

पोह्यांवर भुरभुरायला चिमूटभर कोथिंबीर लागते आणि त्यासाठी आपण अख्खी जुडी आणतो. दोन दिवस ती ताजी, तिसऱ्या दिवशी मलूल, आणि आठवड्याच्या शेवटी फ्रिजच्या तळच्या ट्रेमध्ये तिचा काळा लगदा सापडतो. पुदिन्याचं त्याहून वाईट. कढीपत्ता भाजीवाली मावशी फुकट देते तोवर ठीक, पण भर पावसाळ्यात तीही हात आखडता घेते. घराला नुसतं खिडकीचं ग्रिल असो की हातभर गॅलरी, या तीन-चार गोष्टी घरच्या घरी होतात. बाजाराची पायरी चढावीच लागणार नाही असं मी सांगणार नाही. हिरव्या चटणीची जुडी अजूनही विकतचीच येते. पण रोजच्या फोडणीपुरतं आणि वरून घालण्यापुरतं नक्की निघतं.

माझी पहिली बाग सहा काचेच्या बरण्यांत होती. मोबाइलवर फोटो पाहिला होता: खिडकीत ओळीने बरण्या, प्रत्येकीच्या गळ्यात सुतळीची गाठ. लोणच्याच्या, मधाच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या धुतल्या, तळाशी खडे घातले (त्याने म्हणे निचरा होतो), वर माती, त्यात धणे, मेथी, पुदिना. रोज सकाळी प्रेमाने पाणी. बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात कसला तरी वास यायला लागला. आधी मोरी धुतली, मग कचऱ्याचा डबा. शेवटी नाक बरण्यांपाशी येऊन थांबलं. माती उपसली तर तळाला काळा चिखल, नासक्या अंड्यासारखा दर्प, आणि पुदिन्याची मुळं बोटात धरताच त्यांची सालं निसटत होती. काचेला भोक नव्हतं. जास्तीचं पाणी खड्यांत साचलं, मातीतली हवा संपली आणि मुळं गुदमरून कुजली.

तेव्हापासून एकच नियम पाळते: बरणीत फक्त पाणी, आणि माती फक्त भोकाच्या डब्यात. नवशिक्यांची बहुतेक रोपं तहानेने मरत नाहीत, ती बुडून मरतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ऊन मोजा

डबे, माती, बी यांच्या आधी एक रविवार उन्हासाठी द्या. सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता जाऊन बघा, ऊन नेमकं कुठे पडतंय. कठड्यावर की फरशीवर, की खिडकीच्या फक्त उजव्या कोपऱ्यात. नुसता उजेड आणि थेट ऊन यात गल्लत करू नका. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा दिवाणखाना कोथिंबिरीला अंधार वाटतो. ती मग उजेडाकडे मान लांबवत पांढुरकी, दोऱ्यासारखी होते आणि आडवी पडते.

ढोबळ हिशोब असा. कढीपत्त्याला पाच-सहा तास ऊन हवं, कोथिंबीर आणि मेथीला चार-पाच. पुदिना तीन तासांत खूश असतो आणि दुपारचं कडक ऊन त्याला नकोच असतं. लसणाची पात सगळ्यात समजूतदार, उजेडाच्या खिडकीतही येते.

दक्षिणेकडच्या गॅलरीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमची गॅलरी ठाण्यात, दक्षिणेला. डिसेंबरात उन्हं पार सोफ्यापर्यंत येतात. म्हणून पहिल्या वर्षी मी निर्धास्त होते, आणि मे संपता संपता कोथिंबीर एकाएकी मान टाकायला लागली. कारण पाण्यात नव्हतं, आकाशात होतं. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीला त्या दोन-अडीच महिन्यांत थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही, वर पावसाचे ढग. या काळात डबे कठड्याच्या अगदी कडेला आणा किंवा सरळ पुदिना आणि लसणाच्या पातीवर भागवा. उत्तरेच्या खिडकीवाल्यांना नेमकं याच काळात थोडं ऊन लाभतं.

बरणीचं काम: पुदिना रुजवणं

सुरुवात पुदिन्याने करा. बी नको, नर्सरी नको, भाजीवाल्याकडची एक जुडी पुरते, आणि काडी जगली की माणसाला हुरूप येतो.

जुडी घेताना पानांपेक्षा देठ बघा. जाडसर, किंचित जांभळट, ताठ देठ हवेत. मऊ आणि काळे पडलेले नकोत. घरी आल्यावर त्यातल्या सात-आठ काड्या निवडा. काडीवर जिथे पानांची जोडी फुटते ती जागा म्हणजे पेर. पेराच्या अगदी खाली, धारदार कात्रीने, काडी साधारण १० ते १२ सेंटिमीटरची कापा. शेंड्याकडची चार-सहा पानं ठेवा, खालची सगळी काढून टाका. काढलेली पानं चहात घाला, वाया जायला नकोत.

बरणीत पाणी इतकं घ्या की खालची दोन पेरं बुडतील आणि एकही पान बुडणार नाही. बुडालेलं पान कुजतं आणि त्याच्यासोबत सगळी बरणी. नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरा. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको.

आता वाट बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पेरापाशी मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात. आठव्या दिवसापर्यंत त्यांचे दोरे होतात आणि दहाव्याच्या आसपास मुळं तीन-चार सेंटिमीटर लांब होतात. हीच काडी मातीत लावायची वेळ. आणखी लांब वाढू दिली तर मुळांना पाण्याची सवय लागते आणि मातीत गेल्यावर रोप रुसतं.

पाणी दर दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी बदला. याची कारणं दोन. काचेतून उजेड आत जातो आणि हिरवं शेवाळ धरतं; त्यावर उपाय म्हणून बरणीला तपकिरी कागद गुंडाळा किंवा सरळ जुना मोजा चढवा. फोटोत बरं दिसत नाही, पण मुळं सुखात राहतात. दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघर येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फुलदाण्या उगाच तपासत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी ओतून, बरणी आतून चोळून धुतली की हा प्रश्न उरत नाही.

पुदिना कायमचा बरणीतच ठेवला तर? जगतो, महिना-दोन महिने. पण नुसत्या पाण्यात खाऊपिऊ काही नसतं, त्यामुळे पानं बारीक होत जातात आणि वास पातळ होतो. बरणी हे त्याचं बाळंतघर, सासर मातीतच.

बरणीत आणखी काय जमतं? पातीच्या कांद्याचा मुळासकट तीन-चार सेंटिमीटरचा बुडखा पाण्यात उभा केला तर आठवड्याभरात पात पुन्हा वर येते. दोनदा कापून झाली की टाकून द्या, तिसऱ्या वेळी तिच्यात दम नसतो. लसणाच्या पाकळ्या छोट्या वाटीत उभ्या, फक्त बूड पाण्याला टेकेल अशा दाटीने लावा. त्यांचं पाणी मात्र रोज बदला, नाहीतर घरभर दरवळेल. गवती चहाची बुडखा असलेली काडीही पाण्यात मुळं धरते. कोथिंबीर आणि मेथी या वाटेला जात नाहीत. जुडीतल्या कोथिंबिरीची मुळं पाण्यात ठेवली तर ती चार दिवस टवटवीत राहते एवढंच, तिला रोप समजू नका.

डबा कोणता आणि भोकं किती

नवीन कुंड्या आणायला धावू नका. श्रीखंडाचे डबे, तेलाचे पाच लिटरचे कॅन आडवे कापून, १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, भाजीवाल्याकडची थर्माकोलची पेटी, गळकी बादली, तडा गेलेलं मडकं, सगळं चालतं. खाण्याच्या वस्तूंचे डबे असतील तर उत्तम. रंगाच्या बादल्या लोक सर्रास वापरतात. मी फुलझाडांना वापरते, पोटात जाणाऱ्या पाल्याला नाही.

महत्त्वाची आहे ती खोली. मेथीला ८ ते १० सेंटिमीटर माती पुरते. पुदिन्याला १५, पण डबा पसरट हवा, कारण तो खाली नाही तर आडवा धावतो. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, तिला १५ ते २० सेंटिमीटर द्या. कढीपत्ता हे झाड आहे हे विसरू नका; त्याला शेवटी १२ ते १४ इंची कुंडीच लागते.

भोकं डब्याच्या बुडाला पाच-सहा, पेन्सिल जाईल एवढी, आणि बाजूला बुडापासून बोटभर वर आणखी दोन. बूड सपाट फरशीला चिकटलं की खालची भोकं बंद होतात, तेव्हा बाजूची कामाला येतात. ड्रिल असेल तर सोपं. नसेल तर जुना स्क्रू-ड्रायव्हर तापवून. हे काम गॅलरीत करा, प्लास्टिकच्या धुराचा वास वाईट असतो. भोकावर खापरीचा तुकडा किंवा नारळाच्या शेंडीचा चोथा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. खड्यांचा जाड थर घालू नका. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते मातीच्या तळातच अडून राहतं. खड्यांनी फक्त मुळांची जागा खाल्ली जाते. माझ्या बरण्यांमध्ये तर ते पाणी खाली उतरूनही जायला वाट नव्हती.

मातीचं मडकं बाहेरून श्वास घेतं, त्यामुळे एप्रिलमध्ये त्याला दोनदा पाणी लागेल. काळं प्लास्टिक उन्हात तापतं, त्याला गोणपाट गुंडाळा. पत्रा वर्षा-दोन वर्षांत गंजतो. २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की वजन २५ किलोच्या घरात जातं, तेव्हा ग्रिलवर काय ठेवायचं याचा विचार भरण्याआधी करा, नंतर नको. आणि खाली ताटली ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर लाल मातीचं पाणी ठिबकलं होतं, त्या आठवड्यात मी लिफ्टऐवजी जिना वापरत होते.

माती

शेतातून किंवा इमारतीमागून आणलेली काळी माती डब्यात भरू नका. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत कापूस झकास पिकतो, कारण ती पाणी धरून ठेवते. नेमका तोच गुण डब्यात नडतो. भिजली की फुगून चिखल, वाळली की तडे जाऊन वीट. कोकणाकडची, डोंगराकडची लाल माती घ्या. नर्सरीत पोत्याने मिळते.

माप म्हणून श्रीखंडाचा एक किलोचा डबा धरा. दोन डबे लाल माती, एक डबा भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा), एक डबा गांडूळखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट पाण्यात घातली की अनेक पट फुगते, तेव्हा छोटी बादली घेऊन बसू नका. ते दोनदा पाणी बदलून धुवा, कारण त्यात खार असतो. शेणखत वापरणार असाल तर पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं हवं. ताजं शेण मुळं जाळतं.

मिश्रण झाल्यावर थोडं पाणी शिंपडून मूठभर माती आवळा. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे. न फुटणारा लाडू म्हणजे कोकोपीट आणखी घाला, वळेचना तर खत आणि माती वाढवा. शेतकरी याच ओलाव्याला वाफसा म्हणतात: ओल आहे, पण चिखल नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पाणी घालताना पुन्हा लागेल.

डबा काठोकाठ भरू नका, वर दोन बोटं जागा सोडा.

कोथिंबीर, सावकाश

सगळ्यांना हवी असते कोथिंबीर आणि सगळ्यांची फसते तीच. मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं की पंधरा दिवस झाले, काही उगवत नाही. तिचा पहिला प्रश्न: "अगं, धणे रगडले होतेस का? की तसेच टाकलेस?"

तसेच टाकले होते. धण्याचा गोल दाणा म्हणजे एक बी नाही, ती दोन बियांची जोडी आहे, कडक टरफलात बंद. एक दाणा नखाने दाबून बघा, मधोमध चीर जाते आणि दोन वाट्या वेगळ्या होतात. रगडल्याने पाणी आत लवकर शिरतं आणि एका दाण्यातून दोन रोपं सुटी निघतात. गावाकडे हे काम चपलेने होतं, शेतात पेरताना. आपण पोळपाटावर धणे पसरून वाटीच्या बुडाने हलकेच फिरवावं. दोन फाका व्हायला हव्यात. पूड झाली तर ती आमटीत घाला आणि नव्याने सुरू करा.

धणे वाण्याकडचेच घ्या, पण जरा पारखून. हिरवट झाक असलेले, चुरल्यावर वास देणारे ताजे असतात. भाजलेले तर नाहीत ना, हे विचारून घ्या. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत निम्मे फुटले तरी पुष्कळ. बियाण्याच्या दुकानातलं पाकीट आणलंत तर दाणे गुलाबी किंवा निळे रंगवलेले दिसतील. त्यांना औषध चोळलेलं असतं, ते पेरायचे, स्वयंपाकात कधीच नाहीत.

रगडलेले धणे रात्रभर, दहा-बारा तास पाण्यात ठेवा. सकाळी निथळून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. डब्यातली माती आधी भिजवून घ्या. मग बोटाने एक-दीड सेंटिमीटर खोल रेघा ओढा, दोन रेघांत तीन-चार बोटांचं अंतर. रेघेत धणे विरळ पेरा. हात सैल सोडायचा मोह होतो, पण दाटीत सगळीच उपाशी राहतात. वर माती पसरा, तळव्याने हलकेच दाबा, झारीने किंवा हाताने पाणी शिंपडा. मग एक वर्तमानपत्र अंथरून तेही भिजवा. कोंब वर दिसेपर्यंत हा कागद ओला ठेवणं हेच काम. कोंब दिसताच कागद त्याच दिवशी काढा, एक दिवसाचा आळस झाला तरी रोपं पिवळी, वाकडी होतात.

उगवायला आठ ते बारा दिवस, थंडीत पंधराही. पहिली दोन पानं लांबट, साधी, गवतासारखी असतात. अनेकजण ती तण समजून उपटतात. थांबा, तिसरं पान नक्षीचं येतं, तेव्हा खात्री पटते. रोपं बोटभर झाली की दाट जागचे उपटून मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मोकळीक करा. उपटलेली रोपं वरणावर घाला, त्यांच्याइतका वास नंतर येत नाही. एका डब्यातून काढून दुसऱ्यात लावायचा प्रयत्न करू नका, सोटमूळ तुटलं की ती बसत नाही. जिथे पेराल तिथेच ती वाढणार.

३५ ते ४५ दिवसांत कापणी. मुळासकट उपटायची नाही. बाहेरचे देठ बुडाशी कापा, मधला कोवळा गाभा राहू द्या. अशा दोन-तीन कापण्या मिळतात, मग मध्यातून एक उंच दांडा निघतो, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि पांढरी फुलं येतात. तिथे तिचा संसार संपला. तुमची चूक नाही, कोथिंबीर एका हंगामाचीच आहे. म्हणून एक मोठा डबा भरण्यापेक्षा तीन छोटे करा आणि दर पंधरा-वीस दिवसांनी एक पेरा. पहिला म्हातारा होईपर्यंत दुसरा हाताशी येतो.

उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये उष्म्याने ती महिन्याभरातच फुलावर येते. हिरवी जाळी बांधा, फक्त सकाळचं ऊन द्या आणि कमी अपेक्षा ठेवा. पावसाळ्यात पागोळ्यांनी झोडपून आडवी होते, डबा छज्ज्याखाली घ्या.

मेथी, म्हणजे लवकर मिळणारं समाधान

कोथिंबिरीची वाट बघताना हात रिकामे राहू नयेत म्हणून मेथी. मुंबईत समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात ना, पांढऱ्या देठाच्या, दोन-चार पानांच्या? त्या वाळूत वाढवलेल्या असतात. पसरट ट्रेमध्ये वाळू आणि माती निम्मी-निम्मी घ्या, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाटीने पसरा, इथे दाटी चालते, आणि अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरा. तीन दिवसांत कोंब, दोन आठवड्यांत डाळमेथीची सोय. मुळासकट उपटायची, वाळू मात्र चार पाण्यांनी धुवायची.

कढीपत्ता, धीराचं काम

हा बी पासून करायला वर्षं जातात आणि त्याचं बी वाळलं की रुजतही नाही, पिकलेलं काळं फळ सोलून लगेच पेरावं लागतं. नवशिक्याने दीड-दोन फुटांचं रोप नर्सरीतून आणावं. कुणाच्या बागेत मोठं झाड असेल तर त्याच्या मुळाला फुटलेलं पिल्लू पावसाळ्यात मुळासकट मागून घ्या. नर्सरीच्या रोपाची पहिली दोन-तीन आठवड्यांची पानं खाऊ नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

पहिलं वर्ष पानं तोडायचा हात आवरा. रोप गुडघ्याच्या वर गेलं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतात आणि ते काठीसारखं उंच न जाता डेरेदार होतं. नंतरही एकेक पान ओरबाडू नका, पूर्ण डहाळी कात्रीने कापा. कापल्या जागी दोन नवे कोंब येतात. फुलं दिसली तर खुडून टाका. थंडीत तो झोपतो, पानं पिवळी पडून गळतात. घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. होळीच्या सुमारास लालसर कोवळी पालवी फुटते.

आंबट ताक घालायची जुनी पद्धत आहे. एकाला दहा पाणी मिसळून मी महिन्यातून एकदा घालते. झाड छान आहे. पण त्याला गांडूळखतही मिळतं, तेव्हा श्रेय ताकाला द्यायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. म्हणून लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं याच्यावरही येतात. एक दिवस पानावर पक्ष्याची शीट दिसेल, काळपट-पांढरी. नीट बघा, ती चालते. ही अळी आठवडाभरात हिरवीगार, करंगळीएवढी होते आणि छोटं रोप दोन दिवसांत काड्यांवर आणते. काडीने डिवचलं तर डोक्यातून नारिंगी दुशिंगी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. मी त्यांना उचलून खालच्या लिंबाच्या झाडावर नेऊन ठेवते. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्या सहज परवडतात, हातभर रोपाला नाही.

जाता जाता एक: लेकीकडे अमेरिकेला जाताना कढीपत्त्याचं रोप किंवा ओली पानं बॅगेत घालू नका. तिथे ती नेऊ देत नाहीत. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना छळणारा सायला हा किडा कढीपत्त्यावरही राहतो आणि संत्र्या-लिंबाचा घातक रोग पसरवतो.

गवती चहा आणि ओवा

या दोघांना काही शिकवावं लागत नाही. गवती चहाचा मुळं असलेला ठोंब १२ इंची कुंडीत लावा, भरपूर ऊन आणि पाणी द्या, पाती जमिनीपासून चार बोटं वर कापा. पातीची कड ब्लेडसारखी असते, ओढू नका, कापा. दर पावसाळ्यात ठोंब फोडून शेजाऱ्यांना वाटा, नाहीतर कुंडी तडकवेल.

ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो ओवा वेगळा आणि डब्यातला ओवा वेगळा. दोन्हींचा वास सारखा एवढंच. ओव्याचे दाणे पेरून ती पानं मिळणार नाहीत. शेजारून बोटभर काडी आणा, थेट मातीत खोचा आणि माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका.

पाणी, खत, कीड

पाण्याला वेळापत्रक लावू नका, बोट लावा. मातीत बोटाचं पहिलं पेर खुपसा. ओल लागली तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर बुडाच्या भोकातून थेंब येईपर्यंत घाला आणि ताटलीतलं ओतून द्या. वाफसा टिकवायचा, तळं करायचं नाही. वेळ सकाळची. भर दुपारी कोमेजलेलं रोप बघून लगेच पेला उचलू नका. उन्हं उतरल्यावर ते आपोआप सावरलं तर त्याला पाणी कमी नव्हतं.

गणपतीला चार-पाच दिवस गावाला जाताना शेजारी बादली भरून ठेवा आणि सुती नाडीचं एक टोक पाण्यात, दुसरं डब्यातल्या मातीत चार बोटं खोल पुरा. बादली डब्यापेक्षा थोडी उंचावर हवी आणि तिला झाकण हवंच, डासांसाठी. निघण्याआधी दोन दिवस हे करून बघा; जाड नाडीने माझा एक डबा पूर्ण भिजवून टाकला होता.

पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत वर पसरून हलकं खुरपा. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध जाईपर्यंत धुऊन, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) किंवा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पहिल्यांदा पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. मग चार-पाच दिवस ती पानं तोडू नका. गुलाबावरचं रासायनिक औषध इथे आणू नका.

डब्यातली कोथिंबीर संपली की माती फेकायची नाही. मुळं वेचून काढा, माती चादरीवर पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, चौथा हिस्सा नवं गांडूळखत मिसळा. त्या डब्यात लगेच पुन्हा धणे पेरण्याऐवजी मध्ये एकदा मेथी घ्या. मेथी डाळीच्या कुळातली, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. ही मेथी मात्र उपटू नका, वरून कापा, मुळं मातीतच राहू द्या.